गाव दोन हजार वर्षांचं, पण मधली सहाशे वर्षं कुठे आहेत?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या एक ताई सध्या पुण्यात नोकरीला आहेत. येत्या चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला ‘तेर: इतिहास, भूगोल आणि माणसं’ अशी ऐंशी पानांची पुस्तिका काढायचं गावकऱ्यांनी ठरवलं आणि लिहिण्याचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. त्या लिहितात, “तगर म्हणजे जुनं तेर, रोम, सातवाहन याबद्दल पुष्कळ सापडतं. मग गोरोबाकाका. आणि त्यानंतर एकदम आजचे सरपंच. मधलं कुठून आणू? आणि दंतकथा लिहायच्या की गाळायच्या?”

ताई, मी तेरचा नाही, लातूरकडचा. पण गेली पंचवीस-एक वर्षं आमच्या भागातल्या गावांच्या अशा पुस्तिका करायला मदत करतो आहे, आणि तुमच्या गावात चार-पाच वेळा तरी येऊन गेलो आहे. बहुतेक गावांची तक्रार असते की आमच्या गावाला इतिहासच नाही. तुमचं उलट आहे. तुमच्याकडे इतका जुना आणि इतका झळाळता इतिहास आहे की त्याच्या उजेडात बाकी काही दिसेनासं झालंय. लोकांना रोमपर्यंत गेलेलं कापड माहीत असतं, पण आपल्या पणजोबांनी सारा कुणाला भरला हे माहीत नसतं. तुमची खरी अडचण ही आहे. त्यामुळे तगरवर अजून वाचत बसून ती सुटणार नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधी बोलून टाकू. गावात कुणा कुळकर्ण्याच्या किंवा पाटलाच्या माळ्यावर जुनं दप्तर शिल्लक आहे का? मोडी आणि उर्दू वाचणारं कुणी ओळखीत आहे का? ऐंशीच्या पुढची, डोकं ताजं असलेली किती माणसं आहेत? आणि पैसे कोण देतंय? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. छपाईचा खर्च एकाच घराण्याने उचलला, तर पुस्तिकेत त्या घराण्याची पानं वाढतात, हे मी दर वेळी पाहिलंय. जमलं तर घरटी वर्गणी काढा. पन्नास रुपये दिलेला माणूसही मग हक्काने विचारायला येतो आणि माहितीही घेऊन येतो.

आता तगर. ऐंशीतली बारा पानं द्या, जास्त नको, पण ती बारा पानं नीट लिहा. इथे ‘जगप्रसिद्ध’, ‘वैभवशाली’ असले शब्द भरण्यापेक्षा गणित मांडलं की वाचक थांबतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेलं प्रवासवर्णन आहे, ‘पेरिप्लस’ नावाने ओळखतात. त्यात म्हटलंय की गुजरातेतल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड, नाना तऱ्हेची मलमल, असा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. नकाशा घ्या. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर, पैठण ते तेर दीडशे. म्हणजे दोन्ही टप्प्यांत बैलगाडीचा वेग दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटर. हिशेब जुळतो. दिशा मात्र नेमकी जुळत नाही, तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. म्हणूनच तगर कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांचे वाद झाले. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ साली फ्लीट या शिलालेखतज्ज्ञाने तगर म्हणजे तेर असं मांडलं, त्याच सुमाराला हेन्री कझिन्सने इथली मंदिरं पाहून नोंदवली, आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं केलं. हा वाद पुस्तिकेत जरूर लिहा. तेर हे नाव सिद्ध करावं लागलं, ते आयतं मिळालेलं नाही, हे गावच्या पोरांना कळलं पाहिजे.

शिलाहारांचाही एक परिच्छेद लागेल. कोकणापासून कोल्हापूरपर्यंत राज्य केलेल्या या घराण्याच्या शाखा स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे आपलं मूळ तगरचं असं सांगत. आणि जैन परंपरेत कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात तेरापूर नगर आणि जवळची लेणी येतात. गावातल्या जैन मंदिराबद्दल लिहिताना हा धागा सोडू नका. बहुतेक लेखांत तो दिसत नाही.

हस्तिदंती बाहुलीबद्दल मात्र हात राखून लिहा. तुमच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातली ती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडलेली मूर्ती यांच्यात साम्य आहे, हे खरं. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, त्यामुळे तिकडची मूर्ती त्यानंतरची असू शकत नाही, एवढं नक्की. पण ‘पाँपेईची मूर्ती तेरमध्येच घडली’ असं ठासून लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलंय. तशीच मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही सापडली आहे, आणि पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, ते वायव्येकडची वाट दाखवतं. ‘तेर, भोकरदन आणि पाँपेई या तिन्ही ठिकाणी एका घराण्यातल्या वाटाव्या अशा मूर्ती सापडल्या’ एवढं लिहिलं तरी अंगावर काटा येतोच की.

यापुढे मी तुमच्या जागी असतो तर भूगोलाकडे वळलो असतो, पण शाळेच्या पुस्तकातल्या ‘अक्षांश, रेखांश, सरासरी पर्जन्यमान’ या वाटेने नाही. तेरचा भूगोल म्हणजे तेरणा आणि माती. बालाघाटाच्या पठारावर तेरखेड्याकडे उगम पावून नदी तुमच्या गावावरून जाते आणि पुढे मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला. पर्जन्यछायेचा भाग, काळी जमीन, कापूस पिकणारी. पेरिप्लसमधलं कापड आणि तुमच्या शिवारातली काळी माती ही एकाच वाक्यात लिहायची गोष्ट आहे, दोन प्रकरणांत नव्हे.

आणि दुसरी माती म्हणजे पांढरी. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात, हे तुमच्या पिढीतल्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. शेकडो वर्षं राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढरट होते, उंच होत जाते. तेरची टेकाडं म्हणजे असल्याच पांढऱ्या. आता गंमत बघा. मराठवाड्यात माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं. माळवदावर घालायला आणि भिंती सारवायला पांढरी माती हवी, ती कुठून आणायची? जुन्या पांढरीतून. म्हणजे गावाने पिढ्यान् पिढ्या आपलंच जुनं शहर खणून आपल्या डोक्यावर घातलं! पावसाळ्यात मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी उघडी पडायची. पोरं खेळायची, कुणी फेकून द्यायचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या गोळा केल्या म्हणून आज शासनाचं वस्तुसंग्रहालय उभं आहे. हा सगळा प्रकार मला सातवाहनांच्या वंशावळीपेक्षा जास्त तुमच्या गावचा वाटतो. माळवदावर माती घातलेली माणसं अजून आहेत. कुठल्या टेकाडावरून आणायचे, गाढवावरून की गाडीतून, काय काय सापडायचं, हे त्यांना विचारा. फक्त एक काळजी घ्या: ज्या टेकाडांना आज कुणी राखण नाही त्यांची नेमकी जागा आणि तिथे काय मिळतं हे छापू नका. पुस्तिका वाचून कुदळ घेऊन निघणारे असतात.

मातीचाच धागा पुढे न्या. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे, मागची बाजू गोलाकार, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. विटांत बांधलेल्या, अशा छताच्या फार थोड्या वास्तू देशात उभ्या राहिल्या. आंध्रातल्या चेझर्लाचं मंदिर हे दुसरं नेहमी सांगितलं जाणारं नाव. तेरचं हे मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह होतं असं कझिन्सचं मत. काही अभ्यासकांना ते पटत नाही. आत आज पाय उचललेला त्रिविक्रम आहे. दोन्ही मतं लिहा आणि पुढे चला, गावच्या पुस्तिकेने निवाडा करायचा नसतो. उत्तरेश्वर आणि कालेश्वर हीसुद्धा विटांचीच. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट पाहिली नसेल तर मुद्दाम बघा. लाकूड इतकं टिकतं यावर विश्वास बसत नाही.

‘तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात’ हे वाक्य तुम्हाला दहा जण सांगतील. मातीत भूस मिसळून भाजलं की भूस जळून जातं, वीट सच्छिद्र आणि हलकी होते, त्यामुळे यात चमत्कार काही नाही आणि अशक्यही काही नाही. पण लिहिताना ‘अमक्याने पडलेला तुकडा अमक्या ठिकाणी पाण्यात टाकून पाहिला’ असं लिहिता आलं तरच ठामपणे लिहा. नाहीतर ‘गावात असं सांगतात’. मंदिराची वीट उपसून प्रयोग करायचा नाही, हे सांगायला नकोच.

दंतकथांचं विचारलंत. माझा नियम साधा आहे: दंतकथा गाळायची नाही, तिला तिच्या जागी बसवायची. गोरोबाकाकांची गोष्ट घ्या. चिखल तुडवता तुडवता भजनात देहभान हरपलं आणि रांगतं मूल पायाखाली आलं. ही घटना घडली का, हे मी किंवा तुम्ही सांगू शकत नाही. पण कुंभाराच्या घरी चिखल पायाने तुडवतात, तो अंगणातच तुडवतात, बायको पाण्याला गेलेली असते, मूल तिथेच रांगत असतं, हे सगळं त्या गोष्टीत आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. तसंच थापटण्याचं. संतमेळ्यात काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. मडकं वाजवून पाहणं ही धंद्यातली रोजची परीक्षा. त्या गोष्टीचा अर्थ कीर्तनकार सांगतीलच. तुम्ही तुमच्या गावातल्या एखाद्या कुंभारकाकांकडे दिवसभर बसा. माती कुठली आणतात, तेरणेच्या गाळाची की शेताची, तीत काय मिसळतात, आवा कसा रचतात, धरणं झाल्यावर आणि स्टीलची भांडी आल्यावर काय झालं, सध्या कोण चाक फिरवतं. चार पानं सहज होतील आणि ती दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नसतील.

काकांच्या समाधीचं वर्ष परंपरेने शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशी असं देतात, म्हणजे इसवी सन १३१७. आणि इथे मला माझी एक फजिती सांगायचीच आहे.

सुरुवातीच्या काळात एका गावच्या पुस्तिकेत मी देवळाचा जीर्णोद्धार ‘१७१२ साली’ झाला असं लिहिलं. दगडावर अंक स्पष्ट होता. त्यावरून शाहू महाराजांचा काळ, मराठ्यांच्या चौथाईचा काळ, असं दीड पानाचं वर्णनही रंगवलं. वर्षभराने एका मोडी जाणकार गृहस्थांनी फोटो बघून विचारलं, “अहो, वर ‘शके’ आहे ना?” होतं. शेंदराखाली होतं. शके १७१२ म्हणजे इसवी सन १७९०, सगळा काळच वेगळा, राज्य निजामाचं. तोवर गावाने संगमरवरी पाटीवर १७१२ कोरून घेतलं होतं. ती पाटी आजही आहे, आणि दर वर्षी कुणीतरी तिचा फोटो मलाच पाठवतं. तेव्हा सन बघितला की आधी विचारा, कुठला सन? शकात ७८ मिळवा. निजामी कागदांत फसली सन असतो, त्यात ५९० किंवा महिन्यानुसार ५९१ मिळवायचे. जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा, हे लक्षात ठेवलं की हिशेब चुकत नाही. आणि लेखावर खडू, पीठ, तेल काही लावू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात.

आता त्या मधल्या सहाशे वर्षांकडे येतो. १३१७ नंतर काही दशकांत बहमनी, मग परांडा अहमदनगरच्या निजामशाहीकडे तर नळदुर्ग आदिलशाहीकडे अशी ओढाताण, मग मोगल, आणि १७२४ नंतर हैदराबादचे निजाम. ही यादी एका परिच्छेदात संपवा, राजे मोजत बसू नका. तुमच्या कामाचा प्रश्न असा आहे: निजामाच्या राज्यात तेर कुठल्या खात्यात होतं? सरकारच्या दिवाणी मुलखात, निजामाच्या खाजगी सर्फेखासात, एखाद्या पायगेत (फौजेच्या खर्चासाठी सरदाराला दिलेल्या मुलखात), की जहागिरीत? हे का महत्त्वाचं? कारण सारा कुणाकडे जाई, पाटील-पटवाऱ्यावर कुणाचा हुकूम चाले आणि आज ते कागद कुठे शोधायचे, हे तिन्ही त्यावरच ठरतं. मी कुठल्याही गावात पहिला शोध याचाच घेतो. म्हातारी माणसं ‘आम्ही सर्फेखासातले’ किंवा ‘जहागिरीतले’ असं अजून पटकन सांगतात, पण कागदाने ते पडताळून घ्या.

एक फट लोक विसरतात. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाडासोबत धाराशिवचा हा भागही इंग्रजांकडे सोपवला आणि १८६० साली तो परत मिळाला. त्या सात वर्षांतल्या पहिल्या काही वर्षांत नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कॅप्टन मेडोज टेलरकडे होता. कादंबऱ्या लिहिणारा तोच हा. रस्ते, तलाव, जमिनीची मोजणी यांत त्याने लक्ष घातलं, आणि आपल्या आत्मचरित्रात या जिल्ह्याबद्दल लिहूनही ठेवलं. त्यात तुमच्या गावचं नाव सापडो न सापडो, पण त्या काळात इथली शेती, दरोडे, दुष्काळ, सारावसुली कशी होती हे एका प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाच्या नजरेने मिळतं. अर्थात ती नजर साहेबाची आहे. त्यानेच लिहिलंय की लोक त्याच्यावर किती खूश होते!

कागद कुठे? तहसीलच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करा. १९५४-५५ चं खासरा पत्रक मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाचं असतं. त्यात शिवारातला तुकडा न् तुकडा, कोण कसत होतं ते दिसतं. १९५० च्या कूळकायद्यातल्या संरक्षित कुळांच्या नोंदी त्याच्या जोडीला ठेवा. जमीन कुणाच्या नावावर आणि घाम कुणाचा, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर कळतं. त्यामागचं उर्दूत आणि त्याहून मागचं फारसीत असणार, कारण निजामाच्या दरबारची भाषा १८८४ च्या सुमाराला फारसीची उर्दू झाली. त्यासाठी हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात जावं लागतं. तिथे शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली दख्खनची कागदपत्रंच लाखाच्या वर आहेत. तुमच्या वेळापत्रकात हे बसणार नाही, पण गावातल्या एखाद्या उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाला पुढच्या आवृत्तीसाठी आत्ताच तयार करा. त्यापेक्षा जवळ मिळण्यासारखं म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या उपाध्यायांकडे गावनिहाय नोंदी असतात, कोण कधी आलं, बापाचं नाव, आज्याचं नाव. १९७२ चा उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअर आणि १९५१ पासूनच्या जनगणना पुस्तिका इंटरनेटवर मिळतील. लोकसंख्येचे आकडे तिथूनच घ्या, कुणी फोनवर सांगितलेले नको.

रेल्वेलाही थोडी जागा द्या. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद लाइन १८९७ साली सुरू झाली आणि १९११ पर्यंत तुमच्याच पट्ट्यातून लातूरला पोचली. माल बार्शीच्या बाजारात जायला लागला. बार्शी इंग्रजी मुलखात आणि तुम्ही निजामी मुलखात. मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके, इकडे हाली रुपया आणि तिकडे कलदार. या सीमेमुळे दोन्हीकडचे किती व्यवहार, किती सोयरिकी, किती चोरटा माल घडला असेल! हा विषय काढलात की म्हातारे खुलतात.

त्यातूनच १९४८. त्या वर्षी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून या लोकांकडे आधी जा, दप्तरं कुठे पळत नाहीत. रझाकारांचा धाक, रात्री गाव सोडून बार्शीकडे गेलेली कुटुंबं, सरहद्दीवरचे कॅम्प हे सगळं येईल. पण १७ सप्टेंबरनंतरचेही दिवस विचारा. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव होतं. तेरमध्ये नेमकं काय झालं, कुणी कुणाला घरात लपवलं, कोण गाव सोडून गेलं, हे तुमच्या गल्लीगल्लीतून कळेल. काय छापायचं ते गावात आज शेजारी राहणाऱ्यांकडे बघून ठरवा. नावं गाळा, घटना राहू द्या. माझ्या मते ते पान नसलेल्या पुस्तिकेपेक्षा असलेली पुस्तिका चांगली. पण यात राहायचं तुम्हाला आहे, मला नाही, म्हणून शेवटचा शब्द तुमचा.

माणसांच्या प्रकरणाबद्दल एकच आग्रह धरतो: ‘गावातील थोर व्यक्ती’ या मथळ्याने ते सुरू करू नका. एकदा तो मथळा आला की डॉक्टर, इंजिनिअर, सभापती अशी फोटोंची रांग लागते आणि रुसवे सुरू होतात. त्याऐवजी वस्तीवस्तीने जा. तुमच्या शेजारच्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. तेरहून कोण चालत गेलं होतं, परत आल्यावर गावात काय बदललं, येसकरपाळी (महारांनी पाळीपाळीने करायची गावची चाकरी) कधी आणि कशी थांबली, हे त्या वस्तीत नातवंडांनाही ठाऊक असतं. पाटलाच्या ओसरीवर बसून ते कधीच कळत नाही.

‘इतिहास सांगा’ असं कुणाला म्हणू नका. समोरचा माणूस लगेच छातीवर हात ठेवून शिवाजी महाराजांपासून सुरू करतो. बारीक विचारा. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता? खडी फोडली की पाझर तलाव खणला? मिलोची भाकरी कशी लागायची? किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, १९९३ साली, कुठे झोपला होता? माळवद त्यानंतर उतरवलं का? बायकांना माहेर विचारा. पन्नास सासुरवाशिणींची माहेरं नकाशावर टिंबं लावून बघितलीत की तुमच्या गावचं जग खरोखर केवढं होतं ते दिसेल, आणि जुनी निजामी सरहद्दही त्यात उमटते का ते बघा, मला उत्सुकता आहे. जात्यावरच्या ओव्या येणारी कुणी आजी असेल तर ध्वनिमुद्रण करा. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी महाराष्ट्रभर अशा लाखावर ओव्या जमवल्या, त्या कुठल्या दप्तरात नव्हत्या. आणि गुराख्यांना, शेळ्या वळणाऱ्या पोरांना सोबत घेऊन शिवारातली नावं लिहून काढा: कुठला हाडोळा, कुठलं इनाम, कुठली थडी, कुठला आड कुणाच्या नावाचा. सर्व्हे नंबरांनी ती नावं गिळून टाकायला सुरुवात केलीच आहे.

चैत्रापर्यंत वेळ थोडा आहे, तेव्हा क्रम असा ठेवा. पहिले दोन महिने फक्त नव्वदीची माणसं आणि शिवाराची नावं. तिसऱ्या महिन्यात तहसील आणि घरची दप्तरं. तगर, त्रिविक्रम, शिलाहार हे शेवटी, पुण्यात बसून लिहिता येतं. पुस्तिकेत मात्र पांढरीपासून सुरुवात करा आणि तगरला त्या मातीखालून वर येऊ द्या. ऐंशी पानं भरली नाहीत तर पन्नासच काढा. काही गोष्टी अर्धवट राहिल्या तर ‘हे आम्हाला अजून सापडलेलं नाही, कुणाकडे असेल तर कळवा’ असं त्या त्या पानावर छापा आणि खाली गावातला फोन नंबर द्या. यात्रेत पुस्तिका घेतलेला कुणीतरी पुढच्या आठवड्यात जुना कागद घेऊन दारात उभा राहतो, हा माझा अनुभव आहे.

मोडीतलं काही मिळालं तर सरळ उजेडात फोटो काढून पाठवा, मी बघतो. शेंदूर खरवडायला मात्र जाऊ नका, आधी पुजाऱ्याला विचारा.